दात खोटा, पण हिरडी खरी



यंदाच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला आपल्या शाळेचे एक निवृत्त गणित शिक्षक आले होते. कार्यक्रम आटोपल्यावर नेहमीप्रमाणे पोहे झाले. सरांनी पोहे घेतले, पण वरची शेव बाजूला काढून ठेवली आणि डाव्या दाढांनी हळूहळू चावू लागले. इंदूरचा माणूस पोह्यांवरची शेव बाजूला काढतो म्हणजे काहीतरी बिनसले आहे, हे कोणीही ओळखेल. आम्ही विचारले, तेव्हा सर्व हकीकत कळली.

तीन वर्षांपूर्वी सरांनी खालच्या जबड्यात उजवीकडे दोन इम्प्लांट बसवून घेतले. निवृत्तीच्या पैशातला बराच भाग त्यात गेला. पहिले वर्ष छान गेले. दुसऱ्या वर्षापासून ब्रश करताना तिथून थोडे थोडे रक्त येऊ लागले. दुखत काहीच नव्हते, म्हणून सरांनी लक्ष दिले नाही. "दातच खोटा, त्याला कीड कशी लागणार?" असे ते घरच्यांना सांगत. दर सहा महिन्यांनी तपासणीला यायला डॉक्टरांनी सांगितले होते. पण त्याच सुमारास काकूंचे आजारपण निघाले आणि जाणे राहून गेले. शेवटी तोंडाला घाण वास येऊ लागला, हिरडी दाबली की पू दिसू लागला. एक्स-रे काढला, तेव्हा एका स्क्रूभोवतीचे हाड निम्म्याहून अधिक गेलेले होते. तो इम्प्लांट काढून टाकावा लागला. दुसरा मात्र वेळेवर साफसफाई झाल्यामुळे वाचला. सरांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

"सर, काळजी कशी घ्यायची याचा कागद दिला नव्हता का?" आम्ही विचारले.

"दिला होता की. इंग्रजीत, बारीक अक्षरात. फाइलमध्ये आहे अजून."

हे उत्तर आमच्या मनाला लागून राहिले. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबा मराठी उत्तम वाचतात, हिंदी सहज बोलतात, पण असा इंग्रजी कागद मुकाट्याने फाइलमध्ये ठेवून देतात. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ही अडचण आम्हाला परकी नाही. म्हणून तो कागद आम्ही मागून घेतला, त्यातले शब्द एकेक करून समजून घेतले, आणखी वाचन केले आणि आपल्याच शाळेच्या पालक असलेल्या एका दंतवैद्य भगिनींकडून सर्व मजकूर तपासून घेतला. सर म्हणाले, "नाव घालू नका, पण लिहा जरूर. माझे गेले ते गेले, दुसऱ्याचे वाचू दे." त्यांच्या आज्ञेने हा लेख.

शब्दांचा घोळ आधी मिटवू. डॉक्टर हिंदीत 'संक्रमण' म्हणतात. मराठी माणसाला संक्रमण म्हटले की तिळगूळ आठवतो. कागदावर 'इन्फेक्शन' लिहिलेले असते. आजी म्हणते 'हिरडी पिकली'. तिन्हींचा अर्थ एकच, जंतुसंसर्ग. या लेखात आम्ही हाच शब्द वापरू.

इम्प्लांट म्हणजे काय?

कवळी हिरडीवर नुसती बसते आणि काढता येते. ब्रिज शेजारच्या दातांच्या आधारावर उभा राहतो. इम्प्लांटचे तसे नाही. तो थेट जबड्याच्या हाडात बसवतात. त्याचे तीन भाग असतात. हाडात जाणारा टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू, म्हणजे मूळ. त्यावर हिरडीतून वर येणारा जोड. आणि सर्वांत वर आपल्याला दिसणारी दातासारखी कॅप.

धातू आणि हाड यांचे हे नाते कसे कळले, याची गोष्ट विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना आवडेल. स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडातील रक्तप्रवाहाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर निघेना. हाड धातूला घट्ट धरून बसले होते. या गुणाचा उपयोग करून त्यांनी १९६५ साली योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात पहिल्यांदा टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. लार्सन यांचे २००६ साली निधन झाले, तोवर म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ते इम्प्लांट कामात होते.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. लेखाचा विषय धोक्याचा असला तरी इम्प्लांट वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. नीट बसवलेले आणि नीट सांभाळलेले इम्प्लांट दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक टिकून असतात. प्रश्न आहे तो 'नीट सांभाळलेले' या दोन शब्दांचा.

खोट्या दाताला रोग कसा?

सरांचे म्हणणे अर्धे बरोबर होते. टायटॅनियमला आणि कॅपला कीड लागत नाही. पण ज्या हिरडीतून आणि ज्या हाडात तो उभा आहे, ती हिरडी आणि ते हाड तर जिवंत आहे. रोग त्यांना होतो.

आपल्या खऱ्या दाताची रचना पाहा. दाताचे मूळ हाडाला चिकटलेले नसते. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंची एक गादी असते. हिरडीतले तंतूही मुळात शिरून घट्ट रोवलेले असतात, जसे तंबूचे दोर खुंट्यांना बांधलेले असतात. त्यामुळे दाताभोवती हिरडीची पक्की तटबंदी होते. शिवाय तंतूंच्या या गादीतून रक्ताचा पुरवठा होतो, म्हणजेच जंतूंशी लढणाऱ्या पेशी तिथे पोहोचतात.

इम्प्लांटभोवती ही गादी नसते. हिरडीतले तंतू धातूत शिरत नाहीत, ते नुसते भोवती गुंडाळल्यासारखे राहतात. बोटात अंगठी असते तसे. अंगठीखाली साबणाचे पाणी साचून राहते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तसाच इथे हिरडीच्या कडेखाली अन्नाचा आणि जंतूंचा पिवळसर चिकट थर साचतो. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. तो रोज काढला नाही तर हिरडी सुजते, आणि तटबंदी कमजोर असल्यामुळे रोग हाडापर्यंत लवकर पोहोचतो.

आणखी एक गोष्ट. खऱ्या दाताच्या आत नस असते, ती ठणकली की माणूस रात्री अकरा वाजता सुद्धा डॉक्टरांना फोन करतो. इम्प्लांटमध्ये नस नसते आणि भोवती ती संवेदनशील गादीही नसते. त्यामुळे हाड झिजत असताना बहुधा दुखत नाही. सरांची फसगत नेमकी इथेच झाली. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा हिशेब इम्प्लांटच्या बाबतीत चालत नाही.

दोन पायऱ्या

हा रोग दोन पायऱ्यांनी येतो.

पहिली पायरी म्हणजे फक्त हिरडीची सूज. हिरडी लाल होते, ब्रश लागला की रक्त येते, हाड मात्र शाबूत असते. डॉक्टर याला पेरि-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात. वेळेवर साफसफाई केली आणि घरी नीट ब्रश केला तर ही सूज बरी होऊ शकते.

दुसरी पायरी म्हणजे सूज हिरडीतून खाली उतरून हाड झिजवू लागते. तिचे नाव पेरि-इम्प्लांटायटिस. भिंतीची ओल चुन्यापर्यंत असते तोवर खरवडून दुरुस्ती होते, पण ती विटेत शिरली की काम मोठे निघते. हे तसेच आहे. या पायरीवर हिरडी उघडून स्क्रू साफ करावा लागतो आणि काही वेळा तो काढून टाकावा लागतो. गेलेले हाड पूर्ण परत येईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

हे किती जणांना होते? २०१५ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात इम्प्लांट असलेल्या लोकांपैकी सरासरी ४३ टक्के लोकांना पहिल्या पायरीची सूज आणि २२ टक्के लोकांना दुसऱ्या पायरीचा रोग आढळला. निरनिराळ्या अभ्यासांत हे आकडे खूप कमीजास्त होते, हे खरे. तरी इतके निश्चित की हा रोग दुर्मीळ नाही. पाच जणांत एकाच्या आसपास हे प्रमाण आहे. मात्र रोग झाला म्हणजे इम्प्लांट गेलाच असे नाही. लवकर सापडला तर बरेचसे वाचवता येते.

संसर्ग केव्हा होतो?

संसर्गाच्या वेळा दोन.

पहिली वेळ शस्त्रक्रियेच्या आसपासची, म्हणजे पहिले काही दिवस ते काही आठवडे. या काळात जखमेत जंतू शिरले तर हाड स्क्रूला धरतच नाही. अशा वेळी स्क्रू हलू लागतो आणि काढावा लागतो.

हे टाळण्यात हत्यारांच्या स्वच्छतेला फार महत्त्व आहे. हत्यारे नुसती उकळून भागत नाही. त्यासाठी ऑटोक्लेव्ह नावाचे यंत्र असते. फ्रान्सच्या चार्ल्स शॅम्बरलँड यांनी ते १८७९ साली तयार केले. ते लुई पाश्चर यांचे सहकारी होते. विद्यार्थ्यांनो, हे यंत्र म्हणजे मोठ्या माणसांचा प्रेशर कुकरच समजा. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते आणि त्याहून तापत नाही. काही चिवट जंतूंचे बीजाणू तेवढ्या उष्णतेला दाद देत नाहीत. पण वाफ कोंडून दाब वाढवला की तापमान १२१ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. त्या तापमानाला किमान १५ मिनिटे, किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटे ठेवल्यावर बीजाणूही मरतात. अशी हत्यारे बंद पाकिटात ठेवलेली असतात आणि पाकिटावर उष्णतेने रंग बदलणारी खूण असते. पाकीट आपल्यासमोर उघडा, असे डॉक्टरांना नम्रपणे म्हणण्यात काही गैर नाही. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

अँटिबायोटिकबद्दलही गैरसमज आहेत. २०१३ साली झालेल्या एका मोठ्या आढाव्यात असे दिसले की शस्त्रक्रियेच्या एक तास आधी २ ग्रॅम अमोक्सिसिलिन दिल्यास फायदा होतो. साधारण २५ जणांना दिल्यावर एका जणाचा इम्प्लांट वाया जाण्यापासून वाचतो. म्हणजे फायदा आहे, पण तो मर्यादित आहे. आणि हे औषध स्वच्छतेची जागा घेऊ शकत नाही. काहींना पेनिसिलिनची ॲलर्जी असते, त्यांनी ती आधीच सांगावी. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून खाऊ नयेत, आणि शेजाऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या तर मुळीच नकोत.

दुसरी वेळ पुढची, म्हणजे कॅप बसल्यानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी येणारी. सरांचा त्रास हा याच प्रकारचा. यात डॉक्टरांपेक्षा आपली रोजची सवय अधिक निर्णायक ठरते. तरी एक कारण डॉक्टरांच्या बाजूचेही असते. कॅप सिमेंटने चिकटवताना हिरडीखाली सिमेंटचा कण राहून गेला तर त्याच्याभोवती जंतू जमतात. म्हणून कॅप बसवल्यावर एक्स-रे काढून घेणे बरे. तोच एक्स-रे पुढे तुलनेला कामी येतो. हाड आधी कुठे होते हेच माहीत नसेल, तर किती झिजले हे कसे कळणार?

धोका कोणाला अधिक?

१. ज्यांचे दात हिरडीच्या रोगाने, म्हणजे पायरियाने, हलून पडले त्यांना. दात गेला तरी ते जंतू आणि त्या सवयी तोंडात राहतातच. आधी उरलेल्या हिरड्यांचा उपचार, मग इम्प्लांट, हा क्रम बदलू नये.

२. जे रोज नीट सफाई करीत नाहीत आणि तपासणीला जात नाहीत त्यांना. यात आपण सगळेच कधी ना कधी येतो.

३. ज्यांची साखर नियंत्रणात नाही त्यांना. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे हा प्रश्न घरोघरचा आहे. साखर वाढलेली असली की जखम हळू भरते आणि जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते. मधुमेह आहे म्हणून इम्प्लांट करताच येत नाही असे नाही. पण तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, जिला एचबीए१सी म्हणतात, ती करून आपल्या फिजिशियनचा सल्ला आधी घ्यावा.

४. विडी, सिगारेट, तंबाखू घेणाऱ्यांना. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत मध्य प्रदेशातील ३४.२ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. आपल्या राज्याने २०१२ साली गुटख्यावर बंदी आणली, पण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून घेऊन एकत्र करणारे आपण रोज पाहतो. सुपारीने तोंड आखडत जाते. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याचा ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोहोचणार कसा?

५. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून काही विशिष्ट गोळ्या किंवा इंजेक्शने घेणाऱ्यांना, कर्करोगावरील उपचार झालेल्यांना आणि हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना. यांनी दंतवैद्यांपासून एकही औषध लपवू नये. "दाताचा आणि हृदयाचा काय संबंध?" असे म्हणून बऱ्याचदा आपण सांगतच नाही. संबंध आहे. तोंडातले जंतू रक्तात जाऊन अशा झडपेवर बसू शकतात.

बसवण्याआधी काय विचारावे?

लग्न ठरवताना आपण दहा घरी चौकशी करतो. येथे निदान पाच प्रश्न विचारावेत.

माझ्या हिरड्या आणि हाड यासाठी तयार आहेत का? ब्रिज किंवा कवळी यांचा पर्याय माझ्यासाठी कसा आहे? वरच्या जबड्यात बसवायचा असेल तर सायनसची पोकळी किती जवळ आहे? (गालाच्या हाडातली ही पोकळी वरच्या दाढांच्या अगदी वर असते. स्क्रू तिच्यात शिरला तर तिथेही संसर्ग होऊ शकतो.) कॅप अशा आकाराची असेल ना की मला तिच्याखाली ब्रश घालता येईल? आणि पुढची तपासणी किती महिन्यांनी, व तिचा खर्च किती?

शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. बरीच मंडळी बसवण्याच्या खर्चाचा विचार करतात, सांभाळण्याच्या खर्चाचा करीत नाहीत. तो पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा.

आणखी एक. इम्प्लांट कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा, त्याचा लॉट नंबर काय, याचे स्टिकर पाकिटावर असते. ते आपल्या फाइलमध्ये लावून घ्यावे. पुढे गाव बदलले किंवा डॉक्टर बदलले तर या माहितीवाचून दुरुस्ती अडते, कारण एका कंपनीचे भाग दुसऱ्या कंपनीला सहसा बसत नाहीत.

बसवल्यानंतर काय करावे?

आपले इंदूर २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिले आले आणि पुढे वर्षानुवर्षे तो मान त्याने टिकवला. तो एका दिवसाच्या मोठ्या मोहिमेने टिकला काय? कचरागाडी रोज दारात येते, म्हणून टिकला. तोंडाचेही तसेच आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत डॉक्टर सांगतील तसेच करावे. जखमेला बोट किंवा जीभ लावू नये, विडी-तंबाखू बंद ठेवावी. दोन-तीन दिवस थोडी सूज स्वाभाविक आहे, पुढे ती उतरली पाहिजे.

जखम भरल्यावर दिवसातून दोन वेळा मऊ ब्रशने इम्प्लांटभोवती हिरडीच्या कडेने सावकाश ब्रश करावा. रात्रीचा ब्रश कधीही चुकवू नये. दोन दातांच्या मधली जागा साध्या ब्रशने साफ होत नाही. त्यासाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश औषधाच्या दुकानात मिळतो. त्याच्या तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असावे. कोणते माप घ्यायचे ते डॉक्टरांनी दाखवावे. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी यांनी कोरू नये. तंबाखूचे मंजन लावू नये. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी बरे वाटते, पण चिकटलेला थर गुळणीने निघत नाही. तो ब्रशनेच निघतो.

ज्या आजी-आजोबांचे हात थरथरतात किंवा ज्यांना बारीक दिसत नाही, त्यांना घरातल्या कोणीतरी मदत करावी. जाड मुठीचा ब्रश त्यांना धरायला सोपा जातो.

आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. किती महिन्यांनी, ते प्रत्येकाच्या तोंडाप्रमाणे डॉक्टर ठरवतील. घरात आजारपण असो, लग्न असो, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. सर म्हणतात, "गॅसचा नंबर लावायला विसरलो नाही, हेच विसरलो."

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

ब्रश करताना इम्प्लांटभोवती रक्त येणे. हिरडी लाल, सुजलेली किंवा खाली सरकलेली दिसणे. दाबल्यावर पू येणे. तोंडाला सतत घाण वास किंवा खारट चव. कॅप किंवा स्क्रू हलणे. यांपैकी काहीही दिसले तर दुखत नसले तरी त्याच आठवड्यात दाखवावे. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवसापासून सूज उतरण्याऐवजी वाढू लागली, ताप आला किंवा ठणका वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आणि सूज गळ्याकडे पसरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्यांच्या वेळेची वाट न पाहता सरळ मोठ्या रुग्णालयात जावे. असे क्वचित होते, पण झाले तर तासांचा प्रश्न असतो.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा तर आजोबांचा विषय. तसे नाही. वाढत्या वयात सहसा इम्प्लांट बसवत नाहीत. जबडा वाढतो, बाकीचे दात त्याच्याबरोबर सरकतात, पण हाडाला चिकटलेला स्क्रू जागेवरच राहतो आणि मग तो दात खोल गेल्यासारखा दिसतो. म्हणून जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे दहाव्या वर्षी पक्का दात गमावला तर इतकी वर्षे तात्पुरत्या उपायावर काढावी लागतात.

तेव्हा खेळताना पक्का दात मुळासकट निघालाच, तर घाबरू नका. तो वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर पाण्याच्या किंवा दुधाच्या हलक्या धारेखाली क्षणभर धुवा. जमल्यास लगेच त्याच जागी बसवून रुमाल चावून धरा. ते जमले नाही तर थंड दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्यांकडे जा. दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नसतो. ही सूचना आम्ही शाळेच्या प्रथमोपचार पेटीवर मराठीत लावली आहे. सर्व शिक्षकांनी आणि खेळाच्या वर्गनायकांनी ती एकदा वाचावी.

शेवटी

विश्वस्त मंडळाला आमची एक विनंती आहे. शाळेत दरवर्षी विद्यार्थ्यांची दंत तपासणी होते. त्याला जोडून एक रविवार आजी-आजोबांसाठी ठेवता आला तर फार उपकार होतील. ज्यांना खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहेच. तिथे सोबत जायला आपले माजी विद्यार्थी तयार होतील, अशी खात्री वाटते.

आणि विद्यार्थ्यांना एक गृहपाठ. आज रात्री जेवणानंतर हा लेख घरात मोठ्याने वाचा. मग आजी-आजोबांना, आई-बाबांना एकच प्रश्न विचारा : ब्रश करताना कुठे रक्त येते का? उत्तर 'हो' असेल तर डॉक्टरांची तारीख तुम्हीच कॅलेंडरवर लिहा. दवाखान्यातून मिळालेला एखादा इंग्रजी कागद घरात पडून असेल, तर तो शाळेत घेऊन या. त्यातला अर्थ मराठीत लिहून देण्याचे काम आम्ही आणि आपले इंग्रजीचे शिक्षक आनंदाने करू.

सर आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जातात. वाचलेल्या एका इम्प्लांटचे हाड गेल्या दोन एक्स-रेंत तेवढेच आहे. साखरही आटोक्यात आहे. शेव अजून ते थोडी भिजवूनच खातात.



आपले,
प्राचार्य